चाक काढले, की हबही पाहा

टॅक्सी किंवा टेम्पो चालवून घर चालवणारे अनेक बंधू आपल्या वस्त्यांतून राहतात. इंजिनातले तेल आणि टायरमधली हवा ते न चुकता पाहतात. पण चाक ज्यावर बसते, त्या हबकडे सहसा लक्ष जात नाही. मग भर पावसात पंक्चर होते, सगळे नट निघतात आणि चाक मात्र जागचे हलत नाही. त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून आज आम्ही या विषयावर चार शब्द सांगत आहोत.

लोखंडाला हवा आणि पाणी मिळाले की गंज चढतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तो लवकर चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे रिम हबवर घट्ट बसते. याहून मोठा धोका पुढेच आहे. हबच्या सपाट तोंडावर गंजाच्या खपल्या राहिल्या तर चाक नीट टेकत नाही. पुढे खपल्या चुरल्या की आवळलेले नट सैल पडतात. हा तर प्रवाशांच्या आणि आपल्याही जिवाशी खेळ!

गाडी सपाट जागी उभी करून हॅन्डब्रेक ओढा, इतर चाकांना दगड लावा. नट थोडे ढिले करूनच जॅक लावा; नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड ठेवा. चाक निघाल्यावर ब्रेकची धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा. मग हबचे तोंड, मधला उंचवटा आणि रिमची आतली बाजू तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून पुसा.

ग्रीसचा अगदी पातळ थर फक्त मधल्या उंचवट्यावर लावा. सपाट तोंड आणि बोल्टचे आटे कोरडेच ठेवा. आट्यांना तेल लागले तर नट प्रमाणाबाहेर आवळला जाऊन बोल्ट ताणला जातो. ब्रेकला तर ग्रीसचा स्पर्शही नको.

नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. शेवटचा जोर गाडी जमिनीवर टेकल्यावर, पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे द्या. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.

पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा एवढे केले तरी पुरे. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि बोटभर ग्रीस, खर्च तो एवढाच. घरातल्या मुलामुलींनाही सोबत घ्या. हातचे काम येणारा माणूस कुठेही अडून बसत नाही.