‘आम्ही तर गावाला होतो!’

खालच्या घरात छताला ओल येते, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि सोसायटीच्या सभेत वरचे सभासद उठून बिनतोड वाटणारा पुरावा मांडतात: “आम्ही आठ दिवस गावाला होतो. शॉवर बंद, बाथरूमला कडी. तरी तुमच्याकडे गळतच होतं ना? मग गळती आमची कशी?” सेक्रेटरी मान डोलावतात, खालचे गप्प होतात. प्लंबरचीही कसोटी बहुधा हीच: चार दिवस बाथरूम वापरू नका, बघू थांबतंय का. हे सगळं इतक्या ठामपणे चालतं, की मुळात तर्कच फसलेला असेल अशी शंका कोणाला येत नाही.

तर्क फसलेलाच आहे.

असंख्य इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकतात, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि मग फरशी बसवतात. समजा, बाथरूम 2 मीटर बाय दीड मीटर आणि खड्डा 30 सेंटिमीटर खोल. भराव झाला 0.9 घनमीटर. साधी वीट वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते. आयएस 1077 हे विटांचं भारतीय मानकच तेवढी मुभा देतं. आपण हात आखडता घेऊ आणि भरावाच्या आकारमानाच्या दहाच टक्के पाणी मुरलं असं धरू. तरी 90 लिटर होतात. खाली सेकंदाला एक थेंब पडतोय आणि 20 थेंबांचा एक मिलिलिटर होतो असं धरलं, तर दिवसाला सुमारे 4.3 लिटर. म्हणजे वरचा नळ पूर्ण बंद करूनही हा साठा तीन आठवडे पुरेल. प्रत्यक्षात थेंब हळूहळू मंदावतात, त्यामुळे आणखी जास्त. आठ दिवसांच्या कोकण सहलीनं काय सिद्ध होणार?

शिवाय गच्चीवरच्या टाकीपासून शॉवरच्या कॉकपर्यंतच्या पाइपात रात्रंदिवस दाब असतो. टाकी 10 मीटर उंच असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. मुख्य व्हॉल्व्ह बंद न करता घराला कुलूप लावलं, तर भिंतीतला फुटका सांधा मालकांच्या गैरहजेरीतही इमानेइतबारे गळत राहतो.

मग दोषी कसा शोधायचा? एका वेळी एकच गोष्ट तपासून. शॉवर घेतल्यावरच गळती वाढते आणि बादलीनं अंघोळ केली तर नाही, अशा वेळी संशयित दोन: कॉकपासून शॉवरपर्यंत चढणारा पाइप किंवा भिंतीच्या टाइल्स. शॉवरचं तोंड काढून तिथे टोपण बसवायचं आणि कॉक उघडायचा. आता पाइपात दाब आहे, पण भिंत कोरडी. खाली थेंब वाढले तर पाइप. नाही वाढले, तर नळीनं फक्त भिंतीवर पाणी मारून बघायचं. त्यानंतर फरशी न भिजवता थेट नहाणी ट्रॅपमध्ये बादल्या ओतायच्या. ही निचऱ्याची परीक्षा. शेवटी ट्रॅप घट्ट बंद करून, उंबऱ्याबाहेर जाणार नाही असं बेतानं, फरशीवर बोटभर पाणी किमान 24 तास साठवायचं आणि पातळीवर पेन्सिलची खूण करायची. भराव आधीच ओला असल्यानं थेंब मोजूनही गोंधळ होतो, म्हणून पाण्यात रंग घालतात. लाल नको, विटांतून येणारं पाणी तसंही तांबूस दिसू शकतं. हिरवा बरा. मात्र रंग खाली दिसला तर तो पुरावा, आणि नाही दिसला तर निर्दोषत्वाचा दाखला नाही, कारण कोब्यातून झिरपताना तो फिका पडतो, अडकतोही. आणि या सगळ्यात घाई चालत नाही. दोन चाचण्यांच्या मध्ये थेंबांचा वेग पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, आणि नेमकं तेवढंच कोणी थांबत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. ‘टाइल्सच्या फटीत पांढरं सिमेंट भरलं की झालं’: व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, पण फटीतलं सिमेंट सच्छिद्रच असतं. पाणी अडवायचं काम खालच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं.

‘डाग जिथे, त्याच्या बरोबर वर गळती’: पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळीतून वाट काढत पार हॉलमधल्या पंख्याच्या हुकाशी उगवू शकतं. (अशा वेळी आधी वीज बंद करावी, वाद नंतर.)

‘थर्मल कॅमेऱ्यात भिंतीआडचं पाणी दिसतं’: कॅमेरा फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओली जागा बाष्पीभवनानं थंड दिसते. पावसाळ्यात हवाच दमट असली की तो फरकही पुसट होतो.

‘छताला खालून वॉटरप्रूफ रंग मारा’: पाणी आतच राहतं, सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो.

खर्चाचा वाद मात्र खरा आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेनं दुरुस्त करायची. संडास, सिंक अशा घरातल्या जागांची संबंधित सभासदानं. म्हणून चाचणीच्या वेळी वरचे, खालचे आणि समितीतलं कोणीतरी असे तिघे हजर असावेत, वेळेसह फोटो काढावेत, आणि फरशी फोडायचा ठेका त्यानंतरच द्यावा.