अडलेला आकार

गायनाची शिकवणी आकारापासून सुरू होते. तोंड मोकळे उघडले नाही, तर सूर दातांआड अडतो. दोन वर्षांपूर्वी डिचोलीचे एक सत्तरीतले भजनीबुवा माझ्याकडे येऊ लागले. आवाज खणखणीत, आकार मात्र काही केल्या खुलेना. "बुवा, तोंड जरा मोठे उघडा," म्हटले, तर हसून म्हणाले, "मास्तर, आता एवढेच उघडते. वय झाले." तिखट आमटीही त्यांना सोसत नसे. गालात सुपारीचे खांड मात्र कायम असे.

तो वयाचा दोष नव्हता. वर्षानुवर्षे सुपारी चघळल्याने गालाच्या अस्तराखाली ताठर तंतू साठत जातात आणि तोंड आक्रसते. ही कर्करोगापूर्वीची एक अवस्था. पुसून न जाणारा पांढरा चट्टा ही दुसरी. तांबडा चट्टा त्याहून घातकी.

गोव्याला हे नवे नाही. फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली धुमटी खेड्यांतील काही बायका पेटते टोक तोंडात धरून ओढत. त्याची धग टाळूला लागे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतवैद्यकांनी गोव्यातील ५४४९ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७६ साली या धुमटीवर निबंध प्रसिद्ध केला. धुमटी मागे पडली. मशेरी आणि सुपारी राहिली. पेडण्यात भजनाला गेलो असता यजमानांच्या वृद्ध मातोश्री मशेरी लावताना दिसल्या. "तोंड कुणाला दाखवलेत का?" विचारले, तर म्हणाल्या, "दुखत नाही, मग दाखवायचे कशाला?"

नेमकी फसगत येथेच होते. हे चट्टे बहुधा दुखत नाहीत. दुखू लागेपर्यंत वेळ हातची गेलेली असू शकते. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, चट्टा किंवा कमी उघडणारे तोंड दंतवैद्याला दाखवावेच. तंबाखू सोडल्यावर पांढरे चट्टे पुष्कळदा ओसरतात.

बुवांना मी बांबोळीच्या दंत महाविद्यालयात नेले. कर्करोग निघाला नाही. पण आक्रसलेले तोंड पूर्ववत होणे कठीण, असे सांगण्यात आले. त्यांनी सुपारी सोडली. ठरलेल्या वेळी तपासणीला जातात, आणि आहे तेवढ्या आकारात अभंग गातात.

मला मात्र एक गोष्ट सलते. बुवा प्रथम आले, त्या दिवशी घरच्या रीतीप्रमाणे पानाचा डबा त्यांच्यापुढे मीच सरकवला होता. आता तो डबा फडताळात असतो.