जखमेचा जमाखर्च

मी कॉमर्सचा विद्यार्थी. वैद्यकातले मला ओ की ठो कळत नाही. पण माझी मावशी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत तिने जे सांगितले ते मला ऑडिटच्या पेपरापेक्षा लवकर उमगले. नोंद आणि व्हाउचर जुळले नाही की हिशेबतपासनीस थांबतो. तान्ह्या मुलाची जखम आणि घरच्यांची हकिकत जुळली नाही की नर्स थांबते.

दोन महिन्यांचे मूल 'पालथे झाले आणि खाटेवरून पडले' असे सांगतात. पण मुले साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात पालथी पडू लागतात. मग हे वळले कसे? चालत्या मुलाचे गुडघे, नडग्या, कपाळ काळेनिळे व्हायचेच. परंतु रांगतही नसलेल्या मुलाच्या कानावर, मानेवर, पोटावर नखाएवढा जरी काळानिळा डाग दिसला, तरी डॉक्टरांना दाखवायचाच. कढत पाणी सांडले तर शिंतोडे वेडेवाकडे उडतात. पाय पाण्यात धरून ठेवला तर मोजा घातल्यासारखी सरळ कड उमटते. दवाखान्यात यायला दोन दिवस का लागले, हेही मावशी विचारते.

अमेरिकेत डॉ. हेन्री केंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली यावर निबंध लिहिला, तेव्हापासून डॉक्टर मंडळी याविषयी उघड बोलू लागली.

"मग लगेच पोलीस?" मी विचारले. मावशी रागावलीच. आपल्याकडच्या पुष्कळ तान्ह्यांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतो. नवशिक्याला तो मार वाटतो. माराचा डाग काही दिवसांत रंग बदलून जातो, हा तसाच राहतो. कुणाचे रक्त लवकर गोठत नाही, कुणाची हाडेच ठिसूळ. पोट फुगले म्हणून बिब्ब्याचा चटका देणारी आजी काही नातवाच्या जिवावर उठलेली नसते. पण चटक्याचीही नोंद होतेच. इथे चूक कुठल्याही बाजूने झाली तरी महागच. एकीकडे निर्दोष आईवर किटाळ, दुसरीकडे मूल पुन्हा त्याच हातात. म्हणून नर्स आरोप करीत नाही. ती सगळे कपडे काढून मूल तपासते, डाग मोजते, डॉक्टरांना सांगते आणि लिहिते.

लिहिण्यातच आपल्या सीमाभागाची खरी मेख आहे. आई "कूसु बित्री" म्हणाली तर मावशी तेच शब्द, कोण बोलले आणि किती वाजता, हे सारे लिहिते. एका शिकाऊ मुलीने मराठी करताना घाईत 'पडले'चे 'पाडले' केले होते. मावशीने ते खोडरबराने पुसू दिले नाही. रेघ मारून, शेजारी बरोबर शब्द लिहून, सही करायला लावली.