हरकत कोण घेतो?

पावसाळ्यात सांगलीत भेटणारा माणूस आधी विचारतो, “आयर्विनला किती फूट?” आयर्विन पूल 1929 चा. त्याच्याजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर गेली की धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, शामरावनगर या वस्त्यांत कुणी कुठे घर बांधलं आणि तिथे ते का बांधलं, याचा हिशेब त्या आठवड्यात नदीने मांडला.

जमिनीच्या वापराचे नियम कोण ठरवतं, हा प्रश्न मला त्या पाण्यातच पडला. कागदोपत्री उत्तर सोपं आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, सुनावणी होते आणि मग शासन मंजुरी देतं. पण मुदतीत हरकत घ्यायला नकाशा वाचता यावा लागतो. आपला गट नंबर कुठल्या रंगात गेलाय हे कळावं लागतं, आणि सुनावणीसाठी एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावं लागतं.

बांधकाम व्यावसायिकांकडे हे सगळं आहे, कारण त्यांची संघटना आहे. विकासकांच्या संघटनांचा देशव्यापी महासंघ ‘क्रेडाई’ 1999 मध्ये उभा राहिला. त्याची महाराष्ट्र शाखा आहे आणि साताऱ्यात, सांगलीत शहर शाखा आहेत. आराखड्यातली आरक्षणं, रस्त्यांची रुंदी, चटईक्षेत्र, बिनशेतीची परवानगी, मुद्रांक शुल्क अशा विषयांवर ही मंडळी निवेदनं घेऊन मंत्रालयापर्यंत जातात. त्यात गैर काही नाही. दर नगरपालिकेचा नियम वेगळा असताना एका फाइलीला वर्ष लागायचं आणि त्याचा भुर्दंड शेवटी फ्लॅट घेणाऱ्यालाच पडायचा. राज्यभर एकच नियमावली असावी ही विकासकांची जुनी मागणी होती. डिसेंबर 2020 मध्ये एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली आणि ती मागणी बऱ्याच अंशी पुरी झाली. संघटित आवाजाचं हे फळ आहे, ते मान्य केलंच पाहिजे.

त्याच नियमावलीत पूररेषेचा नियम आहे. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं घर बांधता येत नाही; बाग, वाहनतळ, ओट्यांचा भाजीबाजार असलं काही चालतं. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर वर हवं. नियम चांगला आहे. मात्र तो परवानगी मागायला येणाऱ्यालाच गाठतो.

आणि सांगलीत परवानगी न मागता वसलेलं शहर मोठं आहे. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1089 चौरस फूट. हळद बाजारातला हमाल, रिक्षावाला, कारखान्यातला कामगार यांना परवडणारी जमीन एवढीच. शेतकऱ्याने ऊस काढून चुन्याच्या रेघा मारल्या, खरेदीखत झालं नाही तर साठेखतावर, तेही नाही तर नोटरीवर व्यवहार झाला. एकाच सातबाऱ्यावर एकाखाली एक नावं चढत गेली. कुणाचा तुकडा कुठला, ते फक्त विकणाऱ्याच्या वहीत. रस्ता दहा फुटी, गटाराचा पत्ता नाही, काळी जमीन. शामरावनगरात पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस पाणी दारात असतं.

तुकडे पाडायला बंदी करणारा कायदा 1947 चा. त्यामागची काळजी त्याहून जुनी. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून 1917 मध्ये शेताच्या तुकड्यांचं दुखणं मांडलं होतं. आज त्याच गावात बहुमजली इमारतींच्या रांगा आहेत. कायदा शेत वाचवायला आला आणि शहराच्या कडेला तो गरिबाच्या घराला बेकायदा ठरवत राहिला. म्हणून 2001 मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा करावा लागला. त्यात बसणाऱ्या वस्तीसाठी मुदत आधी 1 जानेवारी 2001 होती, 2021 च्या दुरुस्तीने ती 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली. तुकडेबंदी मोडून झालेला व्यवहार नियमित करायचा दंड 2024 मध्ये बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. दर वेळी आधी वस्ती, मग कायदा. नियमित झालेल्या घराला कागद मिळतो, पण त्याची जमीन एक इंचही वर उचलली जात नाही.

साताऱ्यात पाण्याऐवजी डोंगर आहे. शहराची हद्द 2020 मध्ये वाढली. शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर हा वर्षानुवर्षं ‘त्रिशंकू’ म्हणवला गेलेला भाग पालिकेत आला. वर यवतेश्वरच्या घाटाने कासकडे जाताना उतार कापून उभी राहिलेली बांधकामं दिसतात, आणि कासचं पठार तर 2012 पासून जागतिक वारशात आहे. महाबळेश्वर–पाचगणी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे एकात्मिक नियमावली लागू नाही. आता ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पात 235 गावांचा आराखडा येतो आहे. जावळी-पाटणच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने हरकत कुठल्या कार्यालयात आणि कुणाच्या मदतीने द्यायची?

म्हणून माझं म्हणणं संघटनेच्या विरोधात नाही, तिच्याकडे आहे. बांधकाम प्रकल्पांचं नियमन करणाऱ्या महारेराने क्रेडाई महाराष्ट्रला स्वयंनियामक संस्थेची मान्यता दिली आहे. ही मान्यता म्हणजे जबाबदारी आहे. आपल्या सभासदाच्या प्रत्येक प्लॉटच्या फलकावर निळ्या आणि लाल रेषेपासूनचं अंतर लिहायला लावणं संघटनेच्या हातात आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको. आणि जिथे निवेदन चटईक्षेत्रासाठी जातं, तिथेच परवडणाऱ्या, उंचावरच्या, रीतसर मंजूर छोट्या भूखंडांसाठीही गेलं पाहिजे. तसे भूखंड मिळत नाहीत, म्हणूनच माणूस ओढ्याकाठचा गुंठा घेतो.

आणि प्लॉट पाहायला निघालेल्या वाचकांना एक विनंती. इसार देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात जा, गट नंबर सांगा आणि पूररेषेचा नकाशा मागा. मग शेजारच्या घरात जाऊन 2019 ला पाणी कुठवर आलं होतं, ते विचारा.