कौल : देवाचे उत्तर आणि माणसाचा प्रश्न

देव आणि माणूस यांच्यामधील बोलणे कोणत्या मार्गाने चालते, हा विषय निघाला म्हणजे आपल्या सुशिक्षित समाजात बहुधा दोनच मते ऐकू येतात. एक असे, की गुरव, पुजारी, भगत ही मंडळी देवाच्या नावावर आपलेच म्हणणे लोकांच्या गळी उतरवितात. आणि दुसरे असे, की खऱ्या भक्ताला मध्यस्थाची गरजच नसते. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे हे मान्य करूनही, कोकणात आणि गोमंतकात आजही चालू असलेली कौलाची रीत नीट समजून घेतली, तर ही दोन्ही मते मूळ व्यवहाराला स्पर्श न करताच बाजूने निघून जातात असे माझे मत झाले आहे.

रीत दिसायला साधी आहे. मूर्तीच्या किंवा पाषाणाच्या ठरावीक स्थानांवर फुलांच्या पाकळ्या, पाने अथवा भिजवलेले तांदूळ चिकटवायचे, गुरवाने यजमानाच्या वतीने देवापुढे मागणे मांडायचे, आणि उजवीकडचे आधी सुटते की डावीकडचे, याची वाट पाहत सर्वांनी स्तब्ध उभे राहायचे. उजवा कौल म्हणजे संमती, डावा म्हणजे नकार. गोमंतकात यालाच प्रसाद लावणे म्हणतात. स्थाने कोणती व पाकळ्या किती, याचे नियम देवस्थानागणिक निराळे असले, तरी व्यवहाराचे स्वरूप सर्वत्र एकच.

कौल म्हणजे भविष्यकथन, हा याविषयीचा सर्वांत दृढ गैरसमज होय. वस्तुतः मुलीची सोयरीक अमुक घरी करावी काय, जमिनीचा व्यवहार पुरा करावा काय, नवी होडी पाण्यात लोटावी काय, असे प्रश्न घेऊन जेव्हा माणूस देवापुढे उभा राहतो, तेव्हा पुढे काय घडणार हे त्याला विचारायचे नसते. जे करण्याचे त्याच्या मनात आहे त्याला देवाची अनुज्ञा आहे की नाही, एवढेच त्याला हवे असते. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कोणत्याही नियत तिथीला भरत नाही. ती दरवर्षी देवीच्या कौलाने ठरते, आणि ती ठरली म्हणजे मुंबईतील चाकरमानी रजेचे अर्ज लिहू लागतात आणि रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागतात. त्याच तालुक्यातील आचरे गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते : ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला म्हणजे सारा गाव गुरेढोरे, कोंबड्याकुत्र्यांसह वेशीबाहेर जाऊन झोपड्यांतून तीन दिवस व तीन रात्री राहतो, आणि मुदत संपल्यावर परतण्यासाठीही पुन्हा कौल घ्यावा लागतो, तो मिळाला नाही, तर मुक्काम वाढतो. यात भाकीत कोठे आहे? येथे आहे ती एका सत्तेपुढे ठेवलेली विनंती, आणि त्या सत्तेचा होकार येईपर्यंत स्वतःच्या घराच्या उंबऱ्याबाहेर थांबण्याची एका संपूर्ण गावाची तयारी.

हा प्रकार आपल्याच किनारपट्टीचा, आणि तोही मागासलेपणाचा अवशेष, असे मानणाऱ्यांनी ग्रीसच्या वायव्येकडील डोडोना या क्षेत्राकडे अवश्य पाहावे. तेथे झ्यूस आणि डायोनी यांच्यापुढे लोक आपले प्रश्न शिशाच्या पातळ पत्र्यांवर कोरून मांडत, आणि उत्खननात सापडलेल्या अशा चार हजारांहून अधिक लेखांचे एक मोठे संकलन २०१३ साली प्रसिद्ध झाले आहे. महाकाव्यांतील गूढ भविष्यवाण्या ऐकून तयार झालेली आपली कल्पना या पत्र्यांपुढे टिकत नाही. त्यांत विवाह, संतती, प्रवास, धंदा, हरवलेल्या वस्तू यांचीच विचारणा आहे, आणि तिची धाटणी पुष्कळदा अशी, की अमुक केले असता माझे अधिक बरे होईल काय, अथवा माझे बरे व्हावे म्हणून मी कोणत्या देवाला आहुती द्यावी. दोन सहस्रकांहून अधिक काळाचे अंतर मध्ये असता हा स्वर मालवणच्या माणसाला परका वाटणार नाही.

आता मध्यस्थाविषयी. गुरव हा देवाचा मुखत्यार असून उत्तर तोच देतो, असा समज आहे. परंतु कौलाची सारी रचनाच उत्तर त्याच्या हातून काढून घेण्यासाठी केलेली दिसते. पाणी सुकले म्हणजे पाकळी सुटणार, हे भौतिक कारण भाविकाला ठाऊक नाही असे समजणे हा त्याच्या बुद्धीचा अवमान होय. त्याला ते पुरते ठाऊक असते, आणि कोणाही माणसाच्या जिभेवर अवलंबून नसलेली खूण हवी म्हणूनच तो पाकळीकडे पाहतो. चिकटवणारा हात माणसाचाच असल्याने लबाडीला वाव राहतो, हे खरे. म्हणूनच तर हा विधी मानकरी व ग्रामस्थ यांच्या डोळ्यांदेखत व्हावा, असा रिवाज पडला.

मग मध्यस्थाचे काम कोणते? त्याचे काम प्रश्नाकडे आहे. सिंधुदुर्गात गाऱ्हाणे घालणारा उभा राहतो तेव्हा तो आधी स्थळाच्या दैवतांना क्रमाने आवाहन करतो, कोण आले आहे, कोठून आले आहे, कोणती अडचण घेऊन आले आहे, पूर्वी काय चुकले असेल आणि पुढे काय देण्याची कबुली आहे, हे सारे तो सर्वांच्या समक्ष उच्चारतो, आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्यागणिक ‘होय म्हाराजा’ म्हणून त्याला साक्ष भरतात. घरात कुजबुजत असलेली भीती, भाऊबंदकीची कुरबुर, राहून गेलेला नवस, या सर्वांना येथे प्रथमच एक सुसंगत कैफियतीचे रूप मिळते, आणि होय किंवा नाही एवढेच बोलू शकणाऱ्या देवापुढे ठेवता येईल असा प्रश्न त्यातून घडविला जातो. मध्यस्थाचे सारे कसब या घडणीत आहे. डावा कौल आला म्हणजे प्रकरण दप्तरबंद झाले, हाही म्हणूनच गैरसमज ठरतो. पुष्कळदा प्रश्न बदलून, राहिलेले कबूल करून, पुन्हा गाऱ्हाणे घातले जाते.

तैवानातील देवळांत हेच तत्त्व याहूनही स्पष्ट झालेले आढळते. तेथे एक बाजू सपाट व दुसरी फुगीर असलेले दोन अर्धचंद्राकृती लाकडी ठोकळे देवापुढे टाकतात. एक सपाट व एक फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही फुगीर बाजू वर आल्या तर नकार, आणि दोन्ही सपाट बाजू वर आल्या तर देव हसला असे मानतात; म्हणजे प्रश्नच नीट विचारलेला नाही, तो पुन्हा नीट मांडून यावे. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने लिडियाच्या क्रीससची जी कथा सांगितली आहे, तिचाही रोख हाच आहे. इराणवर चाल केल्यास एक मोठे साम्राज्य नष्ट होईल, असे डेल्फीहून उत्तर आले. राजाने चाल केली आणि नष्ट झाले ते त्याचेच राज्य. त्याने देवाकडे तक्रार नेली तेव्हा त्याला सांगण्यात आले, की कोणाचे साम्राज्य, हे तू पुन्हा माणसे पाठवून विचारायला हवे होतेस.

श्रद्धा आली की पुरावा मागे पडतो, अशीही एक समजूत आहे, आणि तिच्या समर्थनार्थ जुन्या काळच्या दिव्यांचा, म्हणजे देवाला साक्षी ठेवून घेतलेल्या कसोट्यांचा, दाखला हटकून दिला जातो. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष व कोश ही पाच दिव्ये सांगितली आहेत खरी. पण त्याच स्मृतीने लेख, भोग आणि साक्षी ही प्रमाणे आधी सांगून, त्यांच्या अभावी दिव्य करावे, असा क्रम घालून दिला आहे. मराठेशाहीतही वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे महजर, सनदा आणि शेजारच्या गावच्या साक्षी पाहिल्या जात, आणि एवढे करूनही निवाडा होत नसेल तरच रवादिव्यासारख्या उपायाकडे, म्हणजे उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याकडे, मंडळी वळत. त्यातही दिव्य करणाराच्या भाळी वादाचा मुद्दा लिहिलेले पत्र बांधण्याची पद्धत होती. त्या प्रकारातील क्रौर्याचे समर्थन कोणी करू नये, मी तर मुळीच करीत नाही. परंतु देवापुढे जाण्यापूर्वी प्रश्न लेखी आणि निःसंदिग्ध असावा, हा त्यामागचा आग्रह पाहण्यासारखा आहे.

कायद्याने हे सारे बंद झाले आहे, असेही काहीजण बोलतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाचा रोख, अंगात शक्ती संचारल्याचे भासवून लोकांच्या मनात धाक घालणे, भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, अशा कृत्यांवर आहे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन यांसारख्या उपासनेच्या प्रकारांना तो लागू नाही. जेथे कौलाच्या नावाने कोणाला वाळीत टाकले जाते किंवा एखाद्या विधवेवर करणीचा आळ घेतला जातो, तेथे मात्र श्रद्धेची ढाल पुढे करू देऊ नये.

कारण प्रश्न घडविण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती, त्याच्या हाती गावाचा पुष्कळसा कारभारही असतो, आणि टीकाकारांची खरी जागा येथे आहे. पाकळी कोणाचा पक्ष घेत नसेल. पण गाऱ्हाणे कोणी घालावे, मान कोणाचा पहिला, गाभाऱ्यापर्यंत कोणी यावे आणि बाहेर कोणी उभे राहावे, हे पाकळी ठरवीत नाही. ते अधिकार देवाने अनादिकालापासून नेमून दिलेले आहेत, हा या मालिकेतील सर्वांत हानिकारक गैरसमज. कारण ते वतनी हक्क होते, आणि वतन माणसे देतात, माणसेच काढून घेतात. पंढरपूरचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. चोखोबांची समाधी ज्या महाद्वाराच्या पायरीपाशी आहे, त्या देवळाचे दार अस्पृश्य मानलेल्या भाविकांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. तेथील बडवे व उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत अधिकार १९७३ च्या अधिनियमाने रद्द केले, त्यावर प्रदीर्घ दावा चालला, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल शासनाच्या बाजूने दिला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागविले, तेव्हा ते सर्व जातींच्या उमेदवारांकडून आणि स्त्रियांकडूनही मागविले होते.