चाक दारात, चूल मागे

कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरच्या बिद्रीची ओळख दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यामुळे. गळीत हंगामात इकडच्या रस्त्यांवर ऊस लादलेल्या बैलगाड्या दिसतात, आणि याच जिल्ह्यात हमरस्त्याच्या कडेला ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी लावलेल्या हॉटेलांच्या दारात रंगवलेलं गाडीचं चाकही दिसतं. आत कंदील, जातं, भिंतीवर घोंगडं. जेवणाबरोबर वातावरणही विकायचं, हा धंदा आता शहरापुरता उरलेला नाही. ते विकण्यात गैर काही नाही. मात्र वातावरण कामातून साचतं, आणि कामाशी नातं तुटलेल्या वस्तू कितीही मांडल्या तरी ते पुरतं येत नाही.

याचा उत्तम दाखला समुद्राकाठच्या मुंबईत, इराण्यांच्या हॉटेलांत मिळतो. १९०४ सालचं कयानी किंवा १९२३ सालचं ब्रिटानिया आज लोकांना जुन्या काळाचं चित्र वाटतं. मालकांनी ते चित्र म्हणून रंगवलं नव्हतं. संगमरवरी टेबल एका फडक्यात पुसून होतं. आरशांमुळे जागा मोठी दिसते आणि गल्ल्यावरून सगळ्या टेबलांवर नजर राहते. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांचं घराणं व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीच्या १८५९ सालच्या खुर्चीपर्यंत जातं. तिचे सुटे भाग केले की एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत, म्हणून ती जहाजाने जगभर स्वस्तात पोचली. आज ज्याला आपण ‘माहोल’ म्हणतो, तो असा काटकसरीचा आणि सोयीचा हिशेब होता. त्यात भर पडली ती एका चहावर निवांत बसू देण्याच्या रिवाजाची. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांनी त्या जागेला रंग चढवला.

कोल्हापुरी जेवणाचंही तसंच आहे. तांबडा आणि पांढरा हे दोन रस्से मुळात एकाच पातेल्याची किमया. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध पडलं की पांढरा होतो, चटणी-मसाला पडला की तांबडा, आणि फोडी सुक्क्याला जातात. मोजक्या मटणात पंगत उठवण्याची ही युक्ती. रस्सा पुन्हा पुन्हा वाढायचा, वाटी रिकामी दिसू द्यायची नाही, हा खानावळीचा शिरस्ता त्यातूनच शक्य झाला. चुलीलाही असंच काम आहे. तव्यावरून काढलेली भाकरी आराला टेकवून भाजली की टम्म फुगते आणि तिचा पापुद्रा खरपूस होतो.

यावर कुणी म्हणेल, गिऱ्हाइकाला हे नाटक आहे हे ठाऊक असतं, मग बिघडलं कुठे? आक्षेप रास्त आहे. २०१० साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘दिशूम’ने मुंबईच्या इराणी हॉटेलाची उघड नक्कल केली आणि ती उत्तम चालली. पण तिथेही नुसते आरसे पुरले नाहीत. दिवसभर उघडं राहणारं, सकाळच्या न्याहारीपासून चहापर्यंत सगळं देणारं हॉटेल, ही इराण्याची रीतही उचलावी लागली. नक्कल वस्तूंची केली तर देखावा होतो, रीतीची केली तर त्यात जीव येतो. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. घरातल्या चुलीच्या धुराने पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे डोळे आणि छाती खराब केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरगुती धुराच्या प्रदूषणाने जगात सुमारे ३२ लाख बळी घेतले. त्यातून सुटका व्हावी म्हणून २०१६ साली स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना आली. घरातून गेलेली चूल आता हॉटेलात जादा पैसे मोजून पाहायची, हा विरोधाभास खराच. म्हणूनच चुलीचं कौतुक करताना तिच्यापुढे कोण बसतं हेही पाहायला हवं. धुराडं उंच आहे का, स्वयंपाकघर मोकळं आहे का, भाकरी थापणारीला मजुरी नीट मिळते का, हे प्रश्न त्याच वातावरणाचा भाग आहेत.

तेव्हा पारख सोपी आहे. दारातली वस्तू काढून टाकली तर ताटात काही बदलेल का, एवढंच विचारावं. चाक काढलं तर रश्श्याला फरक पडत नाही. चूल काढली तर भाकरी बदलते. चाकाचं मोल गाडीला, आणि ती अजून उसाच्या फडात आहे.