पूतिरोधक औषधे : जखमेवर किती आणि कशी?

बहुतेक घरांत आयोडीनची किंवा तत्सम औषधाची एखादी बाटली असतेच. खरचटले किंवा कापले, की ती बाहेर निघते. आणि औषध जितके झोंबणारे तितके ते गुणकारी, असा आपला समज असतो. हा समज कितपत खरा आहे, हे या औषधांच्या इतिहासावरूनच कळून येते.

‘पूति’ म्हणजे कुजणे. जखम कुजू न देणारे औषध ते पूतिरोधक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडलेले हाड त्वचा फाडून बाहेर आले, की बहुधा तो अवयव कापून टाकावा लागे. आणि तरीही अनेक रोगी दगावत. कुजण्याची क्रिया सूक्ष्म जीवांमुळे होते, हे पाश्चरचे संशोधन जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याच्या वाचनात आले. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो येथील रुग्णालयात, गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्याने कार्बॉलिक आम्लात भिजविलेली पट्टी बांधली. जखमेत पू झाला नाही आणि पायही वाचला. शल्यचिकित्सेत एका नव्या युगाचा आरंभ झाला. मात्र त्याच आम्लाने त्वचेचा दाह होतो, हेही लवकरच अनुभवास आले.

पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंगने या प्रश्नाचा अधिक खोल विचार केला. तोफगोळ्यांनी झालेल्या जखमा वेड्यावाकड्या असत. त्याने काचेची नळी तापवून तिला काट्यांसारखी पोकळ टोके काढली आणि जखमेची प्रतिकृती तयार केली. तीत पूतिरोधक द्रव ओतून पाहता त्या टोकांतील जंतू जिवंतच राहतात, असे दिसून आले. उलट, जंतूंशी झुंजणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र या औषधांनी सहज मरतात, हेही त्याने दाखवून दिले.

यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. पूतिरोधकाला शत्रू आणि मित्र यांची ओळख नसते. जे रसायन जंतूचे आवरण फोडते, तेच जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही इजा करते. झोंबणे ही जंतू मेल्याची खूण नव्हे. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतताच जो फेस येतो, तोदेखील रक्तातील व ऊतींतील कॅटॅलेज नावाच्या विकरामुळे सुटणाऱ्या ऑक्सिजनचा असतो.

म्हणून जखमेवरील पहिले औषध म्हणजे स्वच्छ पाणी. प्रथम आपले हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून ते थांबवावे. नंतर वाहत्या पाण्याने माती व कचरा धुऊन काढावा. पोव्हिडोन आयोडीनसारखे सौम्य पूतिरोधक त्यानंतर, बेताने वापरावे. स्पिरिट उघड्या जखमेत घालू नये. बाटलीवर जे प्रमाण दिले असेल तितके पाणी मिसळावे आणि दोन औषधे कधीही एकत्र करू नयेत. फरशीसाठी केलेले जंतुनाशक जखमेसाठी नव्हे. जखम खोल असल्यास किंवा खिळा रुतला असल्यास डॉक्टरांकडे जावे. कारण धनुर्वाताचे जंतू प्राणवायू न पोहोचणाऱ्या जागीच वाढतात, आणि त्यांपासून रक्षण लसच करते.

पाळीव प्राण्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. जखमेवर लावलेले औषध ते चाटतात. म्हणजे बाहेरून लावलेले औषध पोटातही जाते. मांजराला तर दुहेरी धोका असतो. कार्बॉलिक आम्ल, काळे फिनाइल, क्लोरोझायलेनॉल ही फिनॉल वर्गातील द्रव्ये निर्विष करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. म्हणून आपल्याला सोसणारे औषध त्याला विषासमान ठरू शकते. कुत्र्यामांजरांच्या जखमा उकळून कोमट केलेल्या पाण्याने धुवाव्यात. १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ घातल्यास ते अधिक चांगले. पूतिरोधक हवेच असेल, तर पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून फिक्या चहाच्या रंगाचे करून घ्यावे. क्लोरहेक्सिडीन वापरावयाचे झाल्यास ते ०.०५ टक्के इतके विरल असावे, आणि डोळ्यांत व कानांत मुळीच जाऊ देऊ नये. औषध वाळेपर्यंत प्राण्याला जखम चाटू देऊ नये. वेदनेने व्याकूळ झालेला प्राणी मालकालाही चावतो, याचे भान ठेवावे.

कुत्रा, मांजर किंवा माकड चावल्यास मात्र क्षणाचाही विलंब नको. अशा जखमेवर चुना, तिखट किंवा हळद भरण्याची चाल आपल्या देशात अनेक ठिकाणी आढळते; ती घातक आहे. जखम साबण व वाहते पाणी यांनी पूर्ण १५ मिनिटे धुवावी. रेबीजच्या विषाणूचे आवरण स्निग्ध असते आणि साबणाने ते भंग पावते. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावून त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. पूतिरोधकाची बाटली लसीची जागा घेऊ शकत नाही.

पूतिरोधके मानवाच्या मोठ्या उपयोगाची आहेत, यात शंका नाही. परंतु जखम भरून आणते ते शरीर. औषधाने त्याची वाट मोकळी करावी, अडवू नये.